न कापलेले आंबे

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आले म्हटलं की माणसं एकच विचारतात, "वाघ दिसला का?" आमच्या सासवडात मला विचारणारे तरी किती, एक दूधवाला आणि एक कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. दोघांनाही सांगितलं, नाही बाबा दिसला. मी वाघ बघायला गेलेच नव्हते, मी फळं वाळवायला गेले होते. त्यावर दोघांनीही "बरं बरं" म्हणून विषय बदलला. म्हणून हे लिहायला बसले. कागद काही मधेच उठून जात नाही.

सीताफळाचा गर काढणाऱ्या कारखान्यात मी उभा जन्म काढला. गर किती तापवायचा, किती गार करायचा, काळा का पडतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात मी आणि फ्रीज, आणि दोघांतला जास्त बोलणारा फ्रीज. निवृत्त झाल्यावर एका संस्थेकडून विचारणा आली: तिकडच्या बायकांच्या गटांना उन्हावर चालणारी वाळवणयंत्रं दिली आहेत, ती वापरायला शिकवाल का? मी पंचांगसुद्धा न बघता हो म्हटलं. भर वैशाखात तिकडे कोण जातं, असं मेडिकलवाला म्हणाला. घरात बसून तरी कुठे गारवा होता!

कोरपना

पहिला मुक्काम कोरपन्याकडच्या एका गावात. कापसाचा मुलूख, पण वैशाखात कापूस कसला, नुसती काळी फाकलेली जमीन. लांबवर सिमेंटच्या कारखान्यांची धुराडी. ऊन असं की सकाळी नऊलाच अंगणातली कुत्री माणसांच्या सावलीत येऊन बसत होती.

गटाच्या प्रमुख सुमनबाई. त्यांनी यंत्र आधीच वापरून पाहिलं होतं आणि टोमॅटोच्या चकत्या वाळायच्या ऐवजी सडल्या होत्या. "बाई, तुमचं हे यंत्र काही कामाचं नाई," असं त्यांनी मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. मी जाऊन पाहिलं. यंत्र म्हणजे काय, तर काळ्या रंगाची लांबट पेटी, वर पारदर्शक झाकण, आत जाळीचे ट्रे, खाली हवा आत यायला भोकं आणि वर वाफ जायला धुराडं. धूळ येते म्हणून या बायांनी खालची भोकं चिंध्या कोंबून बंद केली होती आणि धुराड्यावर पातेलं पालथं घातलं होतं.

"अहो, भाजीतलं पाणी जाणार कुठून? तुम्ही तर तिला न्हाऊ घातलंत!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. चिंध्या काढल्या, भोकांवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं, टोमॅटो पुन्हा कापले. दुसऱ्या दिवशी दुपारी चकत्या कडकड मोडायला लागल्या आणि रंग लालच्या लाल राहिला. आमच्याकडे बाया वाळवणं गच्चीवर घालतात आणि काठी घेऊन राखणीला बसतात. इथे पेटीवर झाकण टाकून सगळ्या गप्पा मारत बसल्या. गप्पांत मी नव्हते, पण त्यांचा काही दोष नाही. मला कुठे कुणाच्या सासूबद्दल काही माहीत होतं!

निघताना सुमनबाईंनी हात धरला. "जेवल्याबिगर काऊन जाता बाई? भात टाकला मी. जवसाची चटणी हाय, वांग्याची भाजी हाय."

"नको, बस चुकेल," म्हटलं आणि निघाले. बस चुकणार नव्हती, चांगला तासभर होता. पण कुणाच्या घरी ताटावर बसायचं म्हटलं की माझा जीव आकसतो. आपण एकटं माणूस, परत त्यांना कधी जेवायला बोलावणार? आपला हात जगन्नाथ. फाट्यावर उभी राहून डब्यातला चिवडा खाल्ला आणि वांग्याच्या भाजीचा विचार करत बसले.

अहेरी

अहेरीला पोचले तेव्हा आठवडी बाजार भरला होता. एका ओळीत तेलुगू, दुसरीत हिंदी, तिसरीत गोंडी आणि चहाच्या टपरीवर सगळं एकत्र. चिंचेचे गोळे, चारोळ्या, वाळलेली मासळी, मोहफुलांची पोती. मोहाचा वास आधी गोड वाटतो, मग डोक्यात चढतो.

संस्थेच्या माणसानं फोनवर काम समजावलं. एटापल्लीच्या पुढे जंगलातलं गाव आहे, माडिया बायकांचा गट आहे, यंत्र पोचलंय. तिथे कैरीचं आमचूर करायचं. "मॅडम, एक अट आहे. तुम्ही गावात असतानाच पहिला घाणा निघाला पाहिजे. नाही निघाला तर यंत्र दुसऱ्या गटाला जाईल, ते केव्हापासून मागताहेत. शनिवारी गाडी येईल."

कैरीला काय लागतं? दोन दिवस. मी स्टीलच्या सुऱ्या सोबत आणल्याच होत्या, कारण लोखंडी विळीनं कैरी काळी पडते. पण गावातल्या कैऱ्या तयार नसल्या तर? म्हणून बाजारातून पिशवीभर कैऱ्या घेतल्या. शिवाय एक पातेलं, तांदूळ, डाळ आणि मीठ घेतलं. कुणावर भार नको. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते.

एटापल्लीच्या पुढे

जीप गावाच्या वेशीवर थांबली. गटप्रमुख जैनी घ्यायला आली होती. तिशीची, बारीक अंगाची, हसली की डोळे मिटणारी. तिनं माझी बॅग डोक्यावर घेतली, मग पिशवीकडे हात केला आणि तो तसाच थांबला.

"बाई, थैलीत काय हाय?"

"कैऱ्या. उद्या शिकवायला."

जैनीचं हसू गेलं. "हे आत नाई आणाचं बाई. अजून पंडुम नाई झाला."

मग समजलं. नवं फळ, नवं धान्य, काहीही असो, गावानं देवाला दिल्याशिवाय ते कुणी तोंडात घालत नाही. त्या सणाला पंडुम म्हणतात. आंब्याचा तो मरका पंडुम. तोवर आंब्याला हात नाही, मग तो स्वतःच्या झाडाचा असो की अहेरीच्या बाजारातला. माझी पिशवी वेशीबाहेर मोहाच्या झाडाखाली बसली आणि मी आत गेले.

"पंडुम कधी आहे?" मी विचारलं.

"लालसू आला का मग होते."

राहायला शाळेची खोली मिळाली, शाळेला सुट्टी लागली होती. जैनी म्हणाली, "आमच्या घरी खा ना बाई." मी म्हटलं, "नको, माझं मी करते." शाळेच्या मागे तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि खिचडी टाकली. जैनी थोडा वेळ बघत उभी राहिली आणि गेली.

गाव छोटं. मातीच्या भिंती, बांबूची कुंपणं, आणि अंगणं इतकी स्वच्छ की मला माझ्या चपलांची लाज वाटली. झाडांवर कैऱ्या लगडल्या होत्या. शाळेच्या दारातल्या आंब्याची एक फांदी तर इतकी वाकली होती की येता-जाता कैरी कपाळाला लागायची. तोडायची मात्र नाही! वारा सुटला की कैऱ्या धपाधप पडायच्या आणि पडून राहायच्या. बायांनी सांगितलं की मागल्या साली अंगणात उन्हावर वाळवल्या, सगळ्या काळ्या झाल्या, व्यापारी हसून निघून गेला. म्हणून यंत्राची इतकी वाट पाहिली होती.

कैरी नाही तर नाही, मी कांदे आणि टोमॅटो घेऊन शिकवायला सुरुवात केली. चकत्या किती जाड, मिठाच्या पाण्यात किती वेळ, ट्रेमध्ये एकावर एक का नाही. जैनीचा हात चांगला होता. पण तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडे असायचं.

"हा लालसू आहे कोण?" शेवटी मी विचारलं.

"तो मिरची तोडाले गेला, तेलंगणात. सगळे वापस आले, तो रायला."

"फोन लावा की."

"लावला. टेकडीवर जाऊन लावला. बंद हाय."

"त्याच्या घरी कोण असतं?"

"कोणी नाई. माय-बाप मेले. बायको नाई. एकटाच हाय."

मी सुरी खाली ठेवली. "म्हणजे त्याच्या घरी वाट बघायलाही कोणी नाही. मग अख्खं गाव कोणासाठी थांबलंय?"

जैनीनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी दोन अधिक दोन विचारले होते. "त्याच्यासाठीच ना बाई."

या गावची रीत अशी: जितक्या चुली तितके आंबे. प्रत्येक चुलीचा आंबा त्या चुलीच्या माणसानं स्वतःच्या हातानं तोडून आणायचा, मग गायता, म्हणजे गावचा पुजारी, ते सगळे देवापुढे मांडणार. एक चूल कमी असली तर पंडुम नाही. शेजारच्या गावात इतकं कडक नाही म्हणे, पण इथे आहे.

मी शाळेत परतले आणि मला त्या लालसूचा हेवा वाटला. खरंच सांगते. कोण कुठला पोरगा, ना पाहिला ना भेटला, आणि त्याच्या नावाचा मला हेवा वाटत होता. संध्याकाळी घराघरातून धूर निघायचा, गोंडीत हाका चालायच्या, त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मी माझ्या तीन दगडांपुढे बसून खिचडी ढवळायची. गावात रेंज नव्हती, ही एक सोयच झाली. घरी रेंज असून फोन येत नाही. इथे निदान दोष टॉवरला देता येत होता.

गुरुवार उजाडला तरी लालसूचा पत्ता नाही. जैनीनं विचारलं, "बाई, यंत्र नेतील का खरंच?" मी काय सांगणार? मग एकदम मला तोड सुचली. मी काही या गावची नाही! वेशीबाहेर झाडाखाली माझ्या कैऱ्या आहेत. तिथेच बसून मी कापते, मीठ लावते, चाखते, यंत्र दोन दिवस वेशीबाहेर नेऊ. बायांनी नुसतं लांबून बघायचं. घाणा निघेल, यंत्र राहील, रीतही राहील. जैनीचे डोळे चमकले. आम्ही दोघी गायत्याकडे गेलो.

गायता म्हातारा, टोपली विणत बसला होता. जैनीनं गोंडीत सगळं सांगितलं. विणणं न थांबवता तो दोन वाक्यं बोलला.

"काय म्हणाले?"

"म्हणते का, पाहुणी असती तर चाललं असतं. पाहुणा दुसऱ्याच्या चुलीवर जेवते." तिनं खाली पाहिलं. "तुम्ही तर सोताची चूल पेटवली बाई. गावात आता तुमची बी एक चूल हाय."

घ्या! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. जैनीच्या घरी दोन घास मुकाट्यानं खाल्ले असते तर आज कैऱ्या कापून झाल्या असत्या. कुणाच्या उपकारात राहायचं नाही, या माझ्या ताठ्यापायी तिच्या गटाचं यंत्र जाणार होतं. मी तिला म्हटलं, "मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नाई म्हटलं ना बाई. माणसाले चूल पाहिजे तर नको कसं म्हणाचं?"

शनिवारी गाडी आली. संस्थेचा माणूस उतरला, यंत्राकडे पाहिलं, रिकाम्या ट्रेकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, माझाही नाइलाज आहे. घाणा निघाला नाही, प्रशिक्षण संपलं. यंत्र चढवतो, तुम्हीही बसा."

बाया यंत्राभोवती उभ्या होत्या. कुणी रडलं नाही, भांडलं नाही. जैनी फडकं घेऊन यंत्राचं झाकण पुसत होती, दुसऱ्याला द्यायची वस्तू स्वच्छ असावी म्हणून. ते बघून माझं डोकं फिरलं.

"प्रशिक्षण संपलं असं कोणी सांगितलं? मी गावात असताना पहिला घाणा, हीच अट ना? मी गावात आहे."

"पण तुमचं उद्याचं रिझर्वेशन?"

"बुडू दे."

"घरचे काळजी करतील मॅडम."

"कोणी करत नाही!" हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की गाडीचा ड्रायव्हरसुद्धा वळून बघायला लागला. बोलून गेल्यावर मलाच कसंतरी झालं. तो माणूस गाडीकडे वळला. मग म्हणाला, "बरं. पुढच्या शनिवारी येतो," आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

त्या संध्याकाळी मी चुलीपुढे बसले होते तर जैनी आली. हातात द्रोणात थोडा वाळलेला मासा होता. ती माझ्या समोर मांडी घालून बसली.

"आज मी तुमच्या चुलीवर जेवते बाई. पाहुणी."

खिचडी खालून लागली होती. मी दहा वेळा म्हटलं, लागली गं, आज लक्ष नव्हतं. तिनं मागून घेऊन दोनदा खाल्ली. माझ्या हातचं दुसरं कुणी जेवून किती काळ लोटला, ते मी आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "घरी खरंच कोणी नाई?" तिनं विचारलं. नाही म्हटलं. तिनं फक्त "हं" केलं आणि पातेलं घासायला घेतलं.

लालसू दोन दिवसांनी आला, भर दुपारी, एटापल्लीपासून चालत. काळाठिक्कर पडलेला, खांद्यावर वळकटी. तो जवळून गेला आणि मला सटासट शिंका आल्या, इतका अंगात मिरचीचा खाट मुरला होता. बोटांची सालं गेली होती. त्याच्या बंद घराचं अंगण झाडलेलं होतं, ते रोज कोण झाडत होतं ते मी कुणाला विचारलं नाही.

"गाव थांबलंय हे ठाऊक होतं तुला?" मी त्याला विचारलं.

"हो त! मुकादम म्हणे अजून एक वावर हाय, रुक. म्या म्हटलं नाई जमत, गावात आंबे अडून रायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडुम झाला. देवाजवळचं काय ते मी लिहीत नाही, ते त्यांचं आहे. मला बोलावलं तेव्हा मी गेले. कोणत्या झाडाचा आंबा आणायचा ते मला कळेना, माझं झाड कुठलं? जैनीनं शाळेच्या दारातल्या त्या वाकलेल्या फांदीकडे बोट केलं. मी कैरी तोडली आणि नेऊन इतरांच्या ओळीत ठेवली. लालसूची एका बाजूला, माझी दुसऱ्या बाजूला. मग गायत्यानं एक फोड माझ्या हातावर ठेवली. आंबट जहर होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतर कामाची जी धांदल उडाली! सोलणं, चिरणं, मिठाचं पाणी, ट्रे भरणं, उलटणं. सगळ्या गावातून पोरंसोरं कैऱ्या आणत होती. दोन दिवसांनी फोडी पांढऱ्या आणि टणक झाल्या, हातात घेतल्या की खडखडायच्या. शनिवारी संस्थेचा माणूस आला, एक फोड तोंडात टाकून त्यानं डोळे बारीक केले आणि नमुन्याची पुडी बांधून घेतली. यंत्र गावात राहिलं.

निघताना

निघायच्या दिवशी गायता स्वतः शाळेमागे आला. माझ्या तीन दगडांकडे काठी करून काहीतरी बोलला. जैनी सांगायला लागली. "ते विचारून राह्यले, चूल मोडू का ठेवू? मोडली तर मोजणार नाई. ठेवली तर मोजाच लागते."

आता साधी गोष्ट होती. सासवड कुठे आणि हे कुठे. मोडा म्हणायचं, राम राम घालायचा, गाडीत बसायचं. माझ्यामुळे कशाला कुणाची अडचण? जन्मभर मी हेच म्हणत आले. तोंड उघडलं आणि शब्द निघाले, "राहू दे."

गायत्यानं मान हलवली आणि गेला. गाडीत बसल्यावर मी स्वतःला चिक्कार शिव्या दिल्या.

सासवड

हे सगळं मागल्या वैशाखातलं. वर्षभर मी त्याच घरात, त्याच फ्रीजजवळ होते. जैनीचा फोन एकदा पावसाळ्यात आला होता, टेकडीवरून, आणि मधेच तुटला.

काल पुन्हा आला. वाऱ्याचा आवाज फार होता, ती ओरडून बोलत होती. "बाई, कैऱ्या मस्त लागल्या अवंदा! वारा बी सुटला, पडून राह्यल्या!"

"मग कापा की गं! पंडुम झाला नाही का अजून?"

"कसा होईल? लालसू आला, सगळे आले." ती आणखी मोठ्यानं ओरडली. "एक चूल रायली ना बाई. कधी येता?"